वडिलांच्या गिटारीतला पिकअप

लिही गं. माझ्या धाकट्या जावेबद्दल लिही, म्हणजे तुझ्या धाकट्या आजीबद्दल. तू तिला पाहिलंस ते भिंतीला टेकून बसलेली. मी सांगते ती ऐन भरातली. शिडशिडीत, तोंडानं फटकळ, आणि हात एवढे बारीक की मूठ वळली तरी पेल्यात जाईल. त्या हातांवरच तिचं पोट होतं. गिटारी दुरुस्त करायची ना ती.

तिचे वडील गिटार वाजवायचे. हॉटेलात, नाचाच्या कार्यक्रमात, बोलावतील तिथं. मोडलं-तुटलं घरीच नीट करायचे, ते बघून बघून ही शिकली. लग्न होऊन आली ती हत्यारांची पेटी घेऊनच. सासूबाई म्हणाल्या, "ही सुतारीण कुठून आणली?" पण पुढच्या खोलीत खिडकीखाली टेबल टाकू दिलं हो.

वडील गेले आणि त्यांची गिटार दादाकडे गेली. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. बस चालवायचा. अंगानं आडवा, मनानं चांगला, पण संशयी इतका की स्वतःच्या घराला कुलूप लावलं तरी चारदा ओढून बघणार. आई तर आधीच गेली होती. माहेर म्हणून तिला तो एकटाच उरला होता. हे नीट लिही, पुढचं सगळं त्यावरच आहे.

झालं काय, की त्या गिटारीची मान वाकली. तारा लाकडापासून एवढ्या वर आल्या की दाबून दाबून दादाची बोटं सोलून निघायची. मग त्यानं नवी घेतली आणि दोन्ही घेऊन हिच्याकडे आला.

"चिमे, बाबांच्या हिच्यातला पिकअप काढ आणि या नवीत घाल. मला बाबांचा आवाज पाहिजे."

पिकअप म्हणजे काय तेही लिही, नाहीतर लोक म्हणतील म्हातारी गाडीबद्दल बोलतेय. बटणाएवढी चकती असते. गिटारीच्या पोटात हात घालून, तारा जिथं अडकवतात त्याच्या खालून चिकटवायची. तिची वायर बुडाच्या भोकाशी. स्पीकरला जोडलं की आवाज मोठा होतो. बास.

दादा ड्यूटीवर गेला. हिनं तारा सैल केल्या, हात आत घातला, चकतीच्या मागं दोरा अडकवून करवतीसारखा पुढंमागं ओढला. जुना गोंद चिरत गेला आणि चकती हातात आली. काळी, मळकट, गोंदाचे पापुद्रे लागलेली. नव्या गिटारीत घट्ट बसावी म्हणून हिनं ते सगळं खरवडलं, पुसलं, आणि नवी चिकटपट्टी लावून बसवली.

संध्याकाळी दादा आला. वाजवून बघितलं. परत वाजवलं. मग बोटभर आरसा मागून घेतला आणि टॉर्च मारून आत बघितलं.

"हा बाबांचा नाही."

"म्हणजे?"

"बाबांनी लावला तेव्हा टॉर्च मीच धरला होता. हा चकचकीत आहे. आणि आवाज ऐक, डबा वाजवल्यासारखा."

"अरे पुसला मी!"

"पुसून आवाज बदलतो?" एवढं म्हणून त्याची नजर गेली टेबलाच्या ड्रॉवरकडे. ड्रॉवर उघडा. त्यात तशाच दोन चकत्या पडलेल्या, लोकांच्या भंगार गिटारींतून निघालेल्या.

त्यानं दोन्ही गिटारी उचलल्या, निघाला. बोलला असता तर बरं झालं असतं.

मग आमच्या घरातच पाल चुकचुकायला लागली. सासूबाई भाजी निवडता निवडता विचारायच्या, "त्या ड्रॉवरमध्ये आधी दोन होत्या का तीन गं?" तुझे आजोबा म्हणाले, "वडिलांची आठवण आहे, ठेवून घेतली असेल. त्यात काय!" त्यात काय म्हणे! धाकटीनं ते ऐकलं आणि ताट सारून उठली.

एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाली, "जाऊबाई, पुसायला घेतला तेव्हा ड्रॉवर उघडाच होता. माझ्याच हातून अदलाबदल झाली नसेल ना?"

आता काय सांगू? दुसऱ्यानं संशय घेतला तर भांडता येतं. हिचा आता स्वतःवरच बसला होता.

दादाचं येणं थांबलं. निरोप धाडला की ड्यूटी आहे. एवढी कसली ड्यूटी? शेवटी ही म्हणाली, "चला माझ्याबरोबर. त्याच्याच घरी, त्याच्याच डोळ्यांसमोर करते."

गेलो. दार वहिनीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं उघडलं. या म्हणाली, पण डोळे हिच्या पिशवीवर. हिनं पिशवी उलटीच केली तिथं. दोरा, चाकू, पाना, चिकटपट्टी, सगळं खडखड फरशीवर.

"बघून घ्या वहिनी. अंगझडतीही घ्या हवं तर."

"अगोबाई, मी कुठं काय म्हटलं!"

दादाला म्हणाली, "नव्यातला काढून परत बाबांच्या गिटारीत घालते. तिथं बाबांसारखा वाजला तर तोच आहे. नाही वाजला तर मी चोर."

"मी काढतो," दादा म्हणाला. घातला की हात आत. तो केवढा पंजा! मनगटावरचं घड्याळ आतल्या फळीला अडकलं. पुढं जाईना, मागं येईना. गिटार हातात घालून आपला उभा! वहिनी म्हणाली, "आता असेच जा ड्यूटीवर." मला हसू आवरेना, पण धाकटीच्या तोंडाकडं बघून गिळलं. तिनंच बोटं आत सरकवून पट्टा सोडवला.

"तू वायर मुठीत धर," ती म्हणाली. "आणि सोडू नकोस."

त्यानं धरली, गच्च. तिनं चकती सोडवली, बाहेर काढली, जुन्या गिटारीत नेऊन चिकटवली. वायर सगळा वेळ त्याच्या मुठीत. बदलणार कशी? तारा आवळल्या, स्पीकरला जोडलं. मान वाकडी म्हणून दाबून काही वाजेना, पण मोकळ्या तारांवरून त्यानं अंगठा फिरवला.

वहिनी मोरीतून ओले हात घेऊन बाहेर आली. "मामंजी!" एवढंच म्हणाली.

दादा खाटेवर बसला. "मग नव्यात का नाही वाजला?"

"ते लाकूड वेगळं, दादा. मलाही वाटलं होतं आवाज या चकतीत आहे. गिटारीतच होता."

तो फरशीकडं बघत म्हणाला, "मान सरळ करशील?"

"नाही करणार."

"का?"

"मान उखडायला वाफ द्यावी लागते. लाकूड जुनं आहे, फाटलं तर तू काय म्हणशील ते मला आता माहीत आहे."

दादानं गिटार उचलून तिच्यापुढं धरली. मग तो म्हणाला, "फाटली तर फाटली. तुझ्याच हातून फाटू दे."

गिटार आम्ही घरी आणली. माझ्या कुकरला शिट्टीच्या जागी नळी लावली, मी गॅसपाशी उभी आणि ती नळी सांध्यात धरून. वाफेनं गोंद सुटला, मान निघाली, तासून परत बसली. पण सांध्याशेजारी बोटभर चीर गेलीच. तिनं चीर बुजवली, रंग मात्र लावला नाही. मी म्हटलं, "लाव की, दिसणार नाही." तर म्हणते, "दिसू दे."

दादा आला. चीर पहिल्या नजरेत बघितली त्यानं, त्याचे डोळे तसलेच. तिच्यावरून अंगठा फिरवला. धाकटी कमरेवर हात ठेवून उभी, भांडायच्या तयारीत.

"स्पीकरची वायर दे," दादा म्हणाला, आणि मांडी घालून खालीच बसला वाजवायला.