वणीच्या गाडीत लिहिलेलं पान

रोज लिहिल्याने मन हलकं होतं यावर माझा फारसा विश्वास नव्हता. ह्यांना खाणीच्या आतलं काम मिळालं तेव्हापासून माझ्या छातीत मध्येच धडधड सुरू व्हायची, हातपाय गार पडायचे. हे वणीकडच्या एका कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन. राजूरला खोली करून राहायचे, मी बाभुळगावला सासूबाईंजवळ. यवतमाळच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, हृदय चांगलं निघालं. मग तिथल्या समुपदेशक मॅडम म्हणाल्या, रोज सकाळी वहीत लिहा, जे वाटेल ते लिहा. कुणाला लिहायचं ते सुचेना, म्हणून मी कळंबच्या गणपतीला, चिंतामणीला, लिहू लागले. नावच चिंतामणी, तर घे म्हटलं माझ्या चिंता. ह्यांना सांभाळ, ह्यांना वरचं काम मिळू दे, आज फोन लवकर येऊ दे. कित्येक महिने लिहिलं. पण खरं सांगते, पुष्कळदा वाटायचं की आपलीच भीती आपण रोज घोटून घोटून पक्की करतो आहोत.

त्या दिवशी सकाळी मी भाजी फोडणीला टाकत होते आणि ह्यांच्या सोबत काम करणाऱ्या एकाचा फोन आला. "वहिनी, आत छत बसलं. दादा आतच हायेत. बाकी काही कळून नाही राह्यलं." एवढं बोलून फोन कटला. पुन्हा लावला तर लागेना. ह्यांचा तर बंदच. सासूबाईंना शेजारणीच्या हवाली केलं आणि निघाले. यवतमाळच्या स्टँडवर वणीची गाडी कशी पकडली, खिडकीजवळ कशी बसले, काही आठवत नाही. मोहदा गाव मागे गेलं तशी छाती धडधडू लागली, श्वास वरच्या वर अडकला. असं झालं की लिहा, मॅडमनी सांगितलं होतं. पिशवीतून वही काढली. 'हे' एवढं एक अक्षर लिहिलं आणि पेन पुढे जाईना.

शेजारी एक म्हातारी बंजारा बाई बसली होती. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, मांडीवर कापडाचं गाठोडं. ती बराच वेळ माझ्या हाताकडे पाहत होती.

"काहून थरथरून राह्यली वं बेटी?"

मी सांगितलं. काही होणार नाही, असं ती म्हणाली नाही. वहीकडे बोट करून म्हणाली, "हे लिवणं कोणाले?"

"देवाले."

"मंग माहं बी लिव. मले लिवता येत नाही."

मला रागच आला. माझा नवरा जमिनीखाली, आणि हिचं काय हे! पण ती सांगूही लागली होती. "लिव. माही लेक करंजीले हाय. पह्यलं लेकरू गेलं तिचं. आता दुसरं झालं, तर ते दूध ओढत नाही. याडी, त्याले दूध ओढू दे." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई, देवीलाही त्या याडीच म्हणतात. तिचं वाक्य सुटू नये म्हणून मी लिहीत गेले. दुसऱ्या ओळीपर्यंत अक्षर सरळ यायला लागलं होतं.

"आता तुहं लिव," ती म्हणाली.

मी लिहिलं, 'हे आत आहेत. जिवंत आहेत की नाहीत, मला माहीत नाही. पुढचं तुझं.' एवढंच. माझ्या साऱ्या वहीत काही न मागता लिहिलेलं ते पहिलं पान. भीती गेली नाही, पण श्वास पोटापर्यंत पोचला.

करंजीचा थांबा आला. मावशी गाठोडं घेऊन उठली, माझ्याकडे पाहिलं आणि परत बसली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, करंजी आली."

"दिसते मले. वणीचं तिकीट दे."

मी म्हटलं, "मावशी, तुमची लेक वाट पाहत असंल ना!"

"तिच्यापाशी तिची सासू हाय. तुह्यापाशी कोण हाय?"

खाणीच्या फाटकावर माणसांची गर्दी होती. पोलीस कुणालाच पुढे जाऊ देत नव्हते. उन्हात आम्ही बायका उभ्या होतो. दुपार कलली तरी काही कळेना. मावशीने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. शेवटी आतून स्ट्रेचर येऊ लागले. एकावरच्या माणसाचा चेहरा कोळशाने काळा झालेला, पाय फळीला बांधलेला. मी डोळ्यांवरून ओळखलं. ह्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

माझे वाचले म्हणून देव पावला, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माझ्या शेजारच्या बाईनेही तितक्याच कळवळ्याने हात जोडले होते. तिचा माणूस आला तो झाकलेला. मी ॲम्ब्युलन्सकडे धावले आणि मागे वळून पाहिलं, तर मावशी त्या बाईला घेऊन मातीत बसली होती. तिचं डोकं मांडीवर घेऊन, तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

ह्यांच्या पायाचं प्लास्टर निघाल्यावर आम्ही दोघं करंजीला विचारत विचारत गेलो. मावशी लेकीकडेच होती, लेकरू आईला लुचत होतं. मी मावशीच्या पाया पडले, तर ती संकोचून म्हणाली, "मी काय केलं वं? बसली फक्त."

का एकीचा माणूस परत येतो आणि दुसरीचा येत नाही, हे मला अजून कळलेलं नाही, आणि आता मी ते देवाला विचारतही नाही. त्या दिवशी त्याने मला एकटीला सोडलं नाही, एवढं मात्र मी जाणते. फाटकावरच्या त्या बाईचं नाव मी नंतर विचारून घेतलं. रोज सकाळी वही उघडली की आधी तिच्यासाठी लिहिते, मग माझं. तिचं लिहून होईपर्यंत, पुष्कळदा, माझं लिहायचं काही उरत नाही.