आमच्या लॅबमधल्या उंदरिणी

उंब्रजच्या आमच्या घरात एक नियम होता: चाळिशीत बाईच्या तक्रारी सुरू झाल्या की पिशवी काढून टाकायची, सोबत अंडाशयही. का, ते विचारायचं नाही. आत्याचं झालं, काकूचं झालं, पुढचा नंबर आईचा. आणि सांगलीत एम.फार्म. करताना आम्ही उंदरिणींचे अंडाशय काढून हाडं कशी झिजतात तेच बघत होतो! आजही सुताराच्या दुकानातला भुसा नाकात गेला की तसाच भुसा अंथरलेले पिंजरे आठवतात. मग एक किस्सा दुसऱ्याला ओढून आणतो.

*

पहिल्या ऑपरेशनला मी ब्लेड दोनदा उचलून दोनदा परत ठेवलं. मैत्रीण शबाना म्हणाली, "तूच घाबरलीस तर उंदरिणीनं काय करायचं?"

*

ऑपरेशननंतर उंदरिणी जाड व्हायच्या. पिंजरे सांभाळणारे शिवामामा म्हणायचे, "मॅडम, दुःखात बाई अशीच खाती!"

"मामा, दुःख नाही, हार्मोन!"

"नाव काय बी द्या. डबा रोज रिकामा!"

*

एका बॅचची हाडं झिजेचनात. चौकशी केली तर मामा गुपचूप घरचं भिजवलेलं सोयाबीन चारत होते. "आवं, ऑपरेशन झालेल्या बाईला नुसतं कोरडं खायाला?" सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखं, म्हणजे अंडाशयातून येणाऱ्या, हाडं टिकवणाऱ्या हार्मोनसारखं द्रव्य असतं. अख्खी बॅच वाया! आमचे गाइड सर ओरड ओरड ओरडले. मामा शांतपणे म्हणाले, "मग सर, औषध सापडलं की!"

*

मायक्रोस्कोपखाली हाडाची पार चाळण दिसायची. सर समजावत होते, "पेशीत इस्ट्रोजेन पकडायला रिसेप्टर आहेत, पण इस्ट्रोजेनच येत नाही."

शबाना कुजबुजली, "प्रवासी स्टँडवर, एसटी रद्द!"

सगळे हसले. मला मात्र आत्या दिसली. उंबऱ्याला अडखळायचं निमित्त, आणि मनगट मोडलेलं.

*

त्याच शनिवारी घरी गेले. थोरले काका म्हणाले, "बुधवारी तुझ्या आईचं ऑपरेशन हाय."

"कशासाठी? सोनोग्राफी केली?"

"त्यात काय बघायचं? पोरं झाली, आता पिशवीचं काय लोणचं घालायचंय?"

"आणि अंडाशय?"

"एकदाच सगळं काढलं की कटकट न्हाई. तुझ्या आत्यालाच इचार की!"

"आई बुधवारी कुठंही जाणार नाही. आधी साताऱ्याला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू."

"तुला कुणी इचारलंय?"

"मला नका विचारू. आईला विचारलंत का, एकदा तरी?"

काकांनी आत्याकडं पाहिलं. आत्यानं मोडून वाकडं जुळलेलं मनगट त्यांच्यापुढं धरलं.