आधी रेघ, मग नाव

मामीचा फोन आला तेव्हा मी मामावर चिडलेलीच होते. चार महिने आमचं बोलणं बंद होतं, आणि पहिला फोन त्यानंच करायचा, असं मी मनाशी ठरवून बसले होते. "सुजाता, तुहा मामा गेला वो… सकाळी उठलाच नाही," मामी म्हणाली. खरं सांगते, रडू नंतर आलं, आधी राग आला. भांडण अर्धवट टाकून जायची ही काय रीत झाली?

शालिकमामा राजूरकडचा पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, निवडणुकीत सगळ्याच पक्षांचे बोर्ड त्याच्या हातचे. फ्लेक्स आले, काम गेलं, ऐट मात्र गेली नाही. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली पहिली मी, आणि याचा मला गर्व आहे, तो मी कशाला लपवू? पण मामानं मी दुसऱ्या वर्षाला असतानाच आमच्या दारावर 'कु. सुजाता, बी. ए.' रंगवून ठेवलं. "अरे मामा, निकाल तर लागू दे!" तर म्हणे, "रंग वाळाले टाइम लागते."

पुढे यवतमाळला पत्रकारिता शिकताना माहितीपट करायचा होता. मी मामाच्याच गावचं आंदोलन घेतलं. कोळशाचे ट्रक वस्तीतून जायचे, तव्यावरच्या भाकरीवर काळी धूळ बसायची. शेवटी बाया रस्त्यातच चुली मांडून बसल्या. मागणी एकच, ट्रकांना गावाबाहेरून रस्ता द्या. मामा तिथं बोर्ड रंगवत बसलेला होताच. शॉटचा नंबर लिहायला आम्ही शाळेतली पाटी नेली होती. मामानं ती पहिल्याच दिवशी ताब्यात घेतली, नंबर पुसला आणि समोरच्या कलाबाईला म्हणाला, "नाव सांग. पूरं सांग." मग आधी एक लांब शिरोरेघ मारायची, तिच्याखाली एकेक अक्षर टांगायचं, दोन पावलं मागं जाऊन बघायचं, एखादी वेलांटी पुसून पुन्हा काढायची… इकडे बॅटरी उतरतेय, ऊन चढतंय, कलाबाई चुलीवर वरण सोडून आलेली. पाटी छातीशी धरून ती म्हणाली, "शालिकभाऊ, पोलीस ठाण्यातला फोटू काढून राह्यले काय माहा?" सगळ्या हसल्या. मी नाही हसले. "मामा, मला नंबर पाहिजे, नाव नको!"

"नंबर ट्रकले असते," तो म्हणाला. "अन् घाई नोको करू. आधी रेघ, मंग नाव. रेघीतच जागा मोजा लागते, नाही त आडनाव बाहेर राह्यते."

एकेचाळीस बाया, एकेचाळीस वेळा हेच. मी डोकं धरून बसायची.

सरांची अट वीस मिनिटांची. मी सगळ्या पाट्या कापल्या आणि बोलणाऱ्या प्रत्येकीच्या खाली दोन शब्द टाकले, 'आंदोलक महिला'. कॉलेजात दाखवला त्या दिवशी मामा आठ बायांना घेऊन एसटीनं आला. इस्त्रीचा शर्ट, पहिली रांग. पडद्यावर कलाबाई आली आणि मामा ताडकन उभा राहिला. "आंदोलक महिला? काहून, तिले नाव नाही काय? कोनं कापलं?" पाहुणे वळून बघायला लागले. मी दात आवळून म्हटलं, "मामा, खाली बस. तुला यातलं काही कळत नाही."

तो बसला… ते आमचं शेवटचं बोलणं. मार्क मला चांगले मिळाले. आणि तो बरोबर बोलला होता, हे त्यांची एसटी सुटायच्या आतच मला कळलं होतं. पण शिकलेल्या माणसाची चूकही वाळायला टाइम घेते.

मामाच्या आठवणीत सगळे जमतील त्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तो पिच्चर दाखव, असं मामीनं सांगितलं. मी तीन दिवस बसून कापलेल्या सगळ्या पाट्या परत जोडल्या. वीस मिनिटांची सदतीस झाली. त्या दुपारी मामीच्या घरी दारं लावून भिंतीवर चादर ताणली, समोर सगळ्या बाया बसल्या. "हे पाहा मी!" "अवो, पदर त सारखा कराचा होता!" प्रत्येक नावाआधी मामाचा आवाज, "पूरं सांग." मधेच घर हादरलं, ते पडद्यावरच्या ट्रकनं नव्हे, बाहेरच्या. ट्रक अजून वस्तीतूनच जातात. संपल्यावर कलाबाईनं विचारलं, "अन् शालिकभाऊचं नाव कुठी हाये वो?"

नव्हतं. एकेचाळीस जणींना नाव विचारणाऱ्याला मी एकदाही विचारलं नव्हतं.

आता दीड महिना झाला. पाटी मामीच्या घरी खिळ्याला आहे, खडूही तिथंच. मागच्या रविवारी शेवटचा शॉट घ्यायला गेले. शाळेत शिकवलं तसं भराभर अक्षरं काढली. 'शालिक' ऐटीत मोठं आलं, आजोबांचं नाव दाटीवाटीनं बसलं, आणि आडनावाला जागाच उरली नाही. "राह्यलं ना बाहेर?" मामी दारातून म्हणाली. असा संताप आला मला, त्याचाच, की तो इथं नसूनही बरोबर ठरतो…

ओढणीनं पाटी पुसली. आधी रेघ मारली.