पाण्याखाली काकी

लालबागच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काकी राहतात. त्यांच्या दारावरून उपाशी पुढे जाता येत नाही. "काय रे, तोंड सुकलंय तुझं," म्हणत त्या हातावर काहीतरी ठेवतातच, आणि ते संपेपर्यंत समोरून हलत नाहीत. कुरिअरवाला आणि गल्लीतली मांजरंसुद्धा यातून सुटत नाहीत.

साठी उलटल्यावर काकींनी स्कूबा डायव्हिंग करायचं ठरवलं आणि सोबतीला मला मालवणला नेलं. तिथला समुद्रातला खडकांचा पट्टा संरक्षित आहे. बोटीवरच्या प्रशिक्षकाने बिस्किटांचा पुडा काढला.

"हे टाकलं की मासे जमतात, काकी. व्हिडिओ झकास येतो."

"नको. त्यांचं त्यांना खाऊ दे," काकी म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

खाली गेल्यावर खडकाला चुकूनही धक्का लागू नये म्हणून त्यांनी दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले. बराच वेळ काहीच दिसेना. एवढ्या लांब येऊन हात हलवत परत जावं लागणार, असं मला वाटलं. मग एका कपारीतून पिवळ्या पट्ट्यांचा एक मासा बाहेर आला आणि थेट काकींच्या चेहऱ्यासमोर थांबला. त्याच्या मागून आणखी काही आले. काकी जागच्या हलल्या नाहीत.

बोटीवर आल्यावर मी म्हटलं, "बिस्किटं असती तर ढीगभर आले असते."

"आले असते रे," त्या म्हणाल्या, "पण बिस्किटांकडे."

आणि गालातल्या गालात हसत ओले केस पिळू लागल्या.