पिंजरे धुवायला वयाची अट नाही

एका सकाळी मी सडा टाकून भाकरी थापत होते. हे वारल्यापासून यांचा कुत्रा शेरू कोणाच्याही हातचं खात नव्हता. माझ्या सोळा वर्षांच्या पल्लवीनं त्याला "बस" म्हटलं. तो बसला आणि त्यानं भाकरी खाल्ली. तेव्हापासून तिला कुत्र्यांना शिकवायचंच काम करायचं आहे.

काल तिला बुलढाण्याच्या एका प्रशिक्षण केंद्रात नेलं. मालक म्हणाले, "अठराच्या आत शिकवत नाही ताई. कुत्रं चावलं तर कोण पाहीन? पिंजरे धुवाले पाठवा, त्याले वय लागत नाही."

"मंग धुताना कुत्रं चावत नाही का हो?" पल्लवीनं विचारलं.

ते नुसते हसले. तुम्हीच सांगा, हा कोणता नियम?

आज पल्लवीला कॉलेजला पाठवलं आणि पिंजरे धुवायला मी गेले. धुता धुता तिथं कुत्र्यांना कसं शिकवतात ते पाहिलं आणि संध्याकाळी तिला सगळं सांगितलं.