धरणावरच्या बोटीचं इंजिन

बोरीला माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. बोटीचं इंजिन तोवर मी कधी उघडलं नव्हतं. उन्हाळ्यात येलदरीच्या धरणाकाठून एका बाईचा फोन आला.

"भाऊ, बोटीच्या इंजिनातून डिझेल बी गळायलंय अन् पाणी बी. याल का?"

नवरा वारल्यापासून ती एकटीच बोट घेऊन जाळी टाकायला जायची. माझी बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. पोरं पुण्याला. घरी लवकर परतायचं काही कारण नव्हतं, म्हणून गेलो.

बोटीच्या तळाला डिझेलचा निळसर तवंग साचला होता. मी डिझेलच्या नळीचा जोड फडक्यानं कोरडा केला आणि बघत बसलो. थेंब तिथूनच आला. जोडातलं तांब्याचं वायसर कडक झालं होतं. जवळ नवं नव्हतं. तिच्या चुलीत ते लाल होईपर्यंत तापवलं, पाण्यात टाकलं. मऊ झालं, नीट बसलं. रेडिएटरची रबरी नळी टोकाला चिरली होती. तेवढं टोक कापून नळी पुन्हा चढवली, वर नवी क्लिप आवळली.

"चला, पाण्यात नेऊन बघू," ती म्हणाली.

बरंच आत गेल्यावर तिनं इंजिन बंद केलं. मी सगळे जोड चाचपले. कोरडे होते. तरी तिनं लगेच इंजिन चालू केलं नाही. चहूकडे नुसतं पाणी.

"इथं आलं की लय सुनं वाटतं," ती म्हणाली आणि इंजिन चालू करायची दोरी ओढली.

काठावर आल्यावर तिनं दोन रोहू पिशवीत घातले. "वहिनींना द्या. ताजे हायेत."

पिशवी मी हातात घेतली. मग म्हणालो, "ती न्हाई आता."

तिनं पिशवी माझ्या हातातून परत घेतली, विळीवर बसली, मासे साफ केले, तुकडे केले, हळद-मीठ-तिखट लावून डब्यात भरले.

"नुसते तळा आता. आच कमी ठेवा, न्हाईतर करपतात."

बोरीला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. तवा ठेवला. आच कमीच ठेवली होती, तरी पहिले दोन तुकडे करपले. बाकीचे चांगले झाले. ओट्याजवळच उभ्यानं खाल्ले. संपले तरी बराच वेळ मी तिथंच उभा होतो.