मेणबत्ती घासलेलं दार

"आई गं!" पोरगी किंचाळली आणि धाडकन पडली, मी कणकेच्या हातानंच अंगणात धावले, देवा, हात मोडला की काय, चार दिवसांवर तर तिची हॉकीची ट्रायल! इतकी वर्षं झाली, पण आज लाइट गेली, मेणबत्ती लावली आणि त्या वासानं सगळं पुन्हा डोळ्यांपुढे आलं. शेजारच्या भाभीजींकडे स्टिकनं बॉल फिरवायच्या प्रॅक्टिसचा पांढरा गुळगुळीत बोर्ड होता, त्यांच्या मुलीसाठी दिल्लीहून आणलेला, त्यावर बॉल नुसता सरसर पळायचा. माझी पोर रोज संध्याकाळी तिकडेच, आणि घरी आली की तोंडात आंटी, आंटी. माझा असा जळफळाट व्हायचा! सदर बाजारात तसला बोर्ड मिळेना, मग मी जुन्या कपाटाचं सनमायकाचं दार काढून अंगणात आडवं टाकलं, वर मेणबत्ती घासघासून चकचकीत केलं, म्हटलं, आता खेळ आपल्या घरी. बॉलमागे धावताना तिचा पाय त्याच दारावर पडला आणि सर्रकन घसरला. भाभीजी बर्फ घेऊन पळत आल्या, मनगट हलवून म्हणाल्या, "रोओ मत बिटिया, हड्डी नहीं टूटी." मग मला, "हमारा बोर्ड ही रख लो न बहन, हमारी वाली तो उसे छूती भी नहीं." छूती भी नहीं! म्हणजे त्यांच्या पोरीनं टाकलेलं माझ्या पोरीला! त्या बोर्ड आणून माझ्या उंबऱ्याशी टेकवून गेल्या. पोरगी सुजलेलं मनगट धरून एकदा बोर्डाकडे बघे, एकदा माझ्याकडे. खरं सांगा, तुम्ही तो आत घेतला असता?